आतल्याचं ताट

"थांब, लता, वाढू नकोस," कमांडर म्हणाले. "आधी आतल्याचं ताट."

लताच्या हातातला डाव तसाच राहिला. तिच्या नवऱ्याचं, बबनचं तोंड मात्र उजळलं. किती वर्षांनी कुणी ते ताट मागितलं होतं! तेही इथं, लंडनच्या हाउन्सलोत, त्याच्या स्वतःच्या घरात.

"कसलं ताट?" कस्तुरीनं विचारलं. ही त्यांची पोरगी. इथंच जन्मलेली, आईनं हट्ट धरला म्हणून आज कॉव्हेंट्रीहून आलेली.

"तुझ्या बापाला विचार," कमांडर हसले. "डोंगरात आमच्यातला जो तुरुंगात असायचा, त्याचं ताट पहिलं लागायचं. मी उभा राहून त्याचं नाव पुकारायचो आणि हा बबन ओरडायचा, 'आत आहे, कमांडर!' तोवर कुणी भाकर मोडायची नाही. पोटात कावळे ओरडू देत, नाहीतर गिधाडं."

"आणि असायचं काय ताटात?" बबन म्हणाला. "नाचणीची भाकर अन् मिरचीचा ठेचा. पण काय चव होती, कमांडर!"

"मंत्र्याच्या बंगल्यावर नाही रे तशी चव."

मग दोघं सुटलेच. भिजलेली काडेपेटी बगलेत धरून वाळवायची. पोलीस खालून चाललेत आणि बबन वर घोरतोय, म्हणून त्याच्या तोंडात पागोट्याचा बोळा. हसता हसता दोघांचे डोळे भरून आले. खोटे नव्हते ते दिवस. पण आठवणींवर सही करावी लागत नाही, म्हणून मंत्र्यांना त्या फार आवडतात.

लता पहाटेपासून राबत होती ती सहीसाठी. तिचा भाऊ वामन अजून तुरुंगात होता. चौकीवर हल्ला करायचा हुकूम कमांडरांचा. पकडला गेला वामन. मार खाल्ला, हुकूम कुणाचा ते सांगितलं नाही, जन्मठेप घेतली. कमांडर पुढं शरण आले, निवडून आले, मंत्री झाले. वामनची सुटका आता त्यांच्याच खात्याच्या हातात होती. "जेवण होऊ दे, मग बोल," असं बबननं लताला बजावलं होतं.

"कुणाच्या नावानं लावू ताट?" लतानं विचारलं.

"अगं, रीत म्हणून लाव. आता कोण राहिलंय आत?"

"वामन."

कमांडरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"फाईल आली होती माझ्याकडं," ते म्हणाले.

"मग?"

"सगळं एवढं सोपं नसतं, लता. मी सही केली की दुसऱ्या दिवशी पेपरात येणार, मंत्री स्वतःची माणसं सोडवतोय."

"मग खरंच येईल की! तुमचा माणूस नाही का तो?"

"लता, जेवण होऊ दे..." बबन पुटपुटला.

"तुम्ही गप बसा. जेवण होऊ दे, इलेक्शन होऊ दे, हे होऊ दे, ते होऊ दे. आत म्हातारा झाला तो."

कस्तुरी कमांडरांकडे बघत होती. "म्हणजे मामानी तुमचा नाव पोलिसला नाही सांगितला? एवढी वर्षं? आणि तुम्हाला पेपरची भीती वाटते, अंकल?"

छतावरून एक विमान उतरत गेलं. लतानं ताट घेतलं. भात, वरण, सुकं मटण, लिंबाची फोड, सगळं नीट वाढलं आणि रिकाम्या खुर्चीपुढं ठेवलं. मग ती हात बांधून बाजूला उभी राहिली.

कमांडर उठले. कोटाचं बटण लावलं. घसा खाकरला आणि आवाज काढला तो तोच, डोंगरातला, अंगावर काटा आणणारा.

"वामन!"

बबन सवयीनं ताडकन उभा राहिला. छाती पुढं आली, तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर लताकडं गेली. तो हळूहळू खाली बसला.

"तो कुठं आहे," बबन म्हणाला, "ते तुम्हीच सांगा, साहेब."