धक्क्यावरची वीज

अख्खा धक्का त्यांना कॅप्टन म्हणायचा, पण दुरुस्त्यांच्या पायी त्यांच्या शिडाच्या बोटीने धक्का कधी सोडलाच नव्हता. “पुढच्या रविवारी नक्की निघू,” हे बायको वर्षानुवर्षं ऐकत आली होती. आज बोटीतले सगळे प्लग पॉइंट एकदम बंद पडले. कॅप्टन टेस्टर घेऊन केबिनमध्ये शिरले, बोर्ड उघडला, वायरी उपसल्या. सगळं ठणठणीत, तरी वीज काही येईना.

“अगं, धक्क्यावरच्या पॉइंटला आपली केबल नीट लागलीय का बघ,” ते खालूनच ओरडले. “आणि बोट एवढी का डुलतेय?”

वर सुकाणू धरून बसलेली बायको शांतपणे म्हणाली,



“केबल मीच काढलीय. दोरही सोडलेत. उरलेली दुरुस्ती आता वाटेत करा.”