हार्मोनची सुई

मंजुश्रीनं चपला बाहेर काढल्या आणि सरळ तालमीत पाऊल टाकलं. रेणापूरच्या त्या तालमीचा उंबरा आजवर कुठल्या बाईमाणसानं ओलांडला नव्हता. मातीच्या हौद्यातले पैलवान जागच्या जागी थबकले. तिचा नवरा वैजनाथ लंगोटावर मातीत उभा होता. त्याच्या कपाळाची शीर तट्ट फुगली.

"आल्या पावली माघारी जा," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. ती वस्ताद माणिकप्पांपुढं जाऊन उभी राहिली. "आप्पा, ह्यांची हार्मोनची सुई बंद करा. पाया पडते तुमच्या. ती कुस्ती गेली खड्ड्यात."

दिवाळीपासून सुई सुरू झाली होती. ताकद यावी म्हणून वैजनाथनंच हट्ट धरला होता. टोचताना आप्पा त्याच्याकडून म्हणवून घ्यायचे, 'मी वाघ हाय, मला कोण अडवतंय.' आणि खरंच, गडी कुस्त्या मारत सुटला. घरीही वाघच झाला. आधी ताट भिरकावलं, मग तिचा दंड पिरगाळला. काल लेक रडली म्हणून पाळण्यालाच लाथ घातली. पोर थोडक्यात वाचली. राग उतरला की शेजारी बसून म्हणायचा, "मंजू, मी न्हाई गं, ती सुई करायलीय हे." आणि ही बिचारी स्वतःची समजूत घालायची. सुई सुटली की आपला माणूस परत मिळेल. मूळचा लई गरीब स्वभावाचा होता हो तो.

वैजनाथ हौद्यातून वर आला. "माझ्या तोंडी लागू नको. अंगात हार्मोन खवळलंय. हात उठला तर मला बोल लावायचा न्हाई." आणि हात उठलाच.

"वैजू, हात खाली घे." माणिकप्पा मधे आले. "त्या सुईपायी माझा एक पठ्ठ्या तरणाताठा गेला. तुला कशी टोचली असती मी? निस्तं सलाईनचं पाणी देत आलो लेका. म्हणलं, पोराला हिंमत येईल अन् जीवबी राहील. तुझ्या अंगात हार्मोन-बिर्मोन कायबी गेलं न्हाई."

वैजनाथचा उगारलेला हात खाली आला.

मंजुश्रीचे डोळे कोरडे होते.

"मंग आप्पा," ती हळूच म्हणाली, "आतापोत्तर मी माफ कुणाला करत होते?"