एकही तक्रार नसलेला डेपो

सगळ्या बस डेपोंचे मॅनेजर बैठकीला जमले होते आणि विषय एकच होता: या एका डेपोतून प्रवाशांची एकही तक्रार कशी येत नाही? बसगाड्या तर इतरांसारख्याच, तितक्याच खडखडणाऱ्या आणि तितक्याच उशिरा सुटणाऱ्या.

"काही नाही हो, तक्रारीच्या नंबरवर एक अनुभवी बाई बसवल्यात," त्या डेपोचे मॅनेजर कॉलर ताठ करत म्हणाले. "पगारसुद्धा मागत नाहीत."

बाकीचे भराभर लिहून घ्यायला लागले. तेवढ्यात मोठे साहेब हसले.

"काल मीच प्रवासी बनून त्यांना फोन लावला. बस उशिरा आली म्हणालो, तर म्हणतात, 'बस निदान येते तरी! आमचे जावई बघा. गळका नळ दुरुस्त करायला उद्या येतो म्हणाले, त्याला वर्ष झालं!' जावयाचं ते पुराण ऐकता ऐकता मी बसचं विसरलोच. उलट त्यांचीच समजूत काढून फोन ठेवला. एवढी चांगली पद्धत एकाच डेपोत कशाला? मी त्यांना रीतसर नेमून टाकलंय. उद्यापासून सगळं तक्रार खातं त्यांच्याकडे. मॅनेजरांनी रोज सकाळी त्यांच्यापुढे हजर व्हायचं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एकाच माणसाचे हात काही हलेनात.

&nbsp;

त्या संध्याकाळी ते मॅनेजर घरी न जाता, हातात पाना घेऊन, थेट सासूबाईंच्या मोरीत शिरले.