खिडकीजवळचं बाक

वर्गातली बाकं गेली आणि त्यांच्या जागी गाद्या, स्टुलं, चाकांची टेबलं आली. मुख्याध्यापिकांचा नियम एकच, मुलांनी रोज नव्या जागी बसायचं. मुलं खूश होती. मुलांना इकडून तिकडे हलवताना बाईंचा मात्र पहिल्या तासालाच जीव मेटाकुटीला यायचा.

त्यात ती चिमणी नावाची मुलगी. अंगाने एवढीशी, पण खिडकीजवळ राहून गेलेलं एकमेव जुनं बाक तिने जे धरलं, ते सोडायचं नाव नाही.

"चिमणे, ऊठ बघू. आज दुसरीकडे बस."

"उद्या बसते, बाई."

रोज हेच. शेवटी बाईंनी वैतागून तिच्या मामाला फोन लावला. पालक म्हणून शाळेत त्याचाच नंबर होता.

"ती आता आत्याकडे असते," मामा म्हणाला.

आत्या म्हणाली, "आमच्याकडे पाहुणे आलेत, म्हणून काकाकडे पाठवली."

काकाने आधी उसासा टाकला. "आमचीच दोन खोल्यांत दाटी, बाई. परवा तिला मावशीकडे सोडली. तिथे तरी किती दिवस ठेवतील, देव जाणे."

मावशीला फोन लावायचं बाईंच्या जिवावर आलं. त्यांनी फोन पर्समध्ये ठेवून दिला.



दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत बाईंनी शिपायाला बोलावलं आणि खिडकीजवळचं ते बाक जमिनीला पक्कं ठोकून घेतलं.