उरलेले बांबू

कसबा बावड्यातल्या अक्काताई चार वर्षं लेकाला एकच सांगत होत्या, “श्रेणिक, परड्यात दोन बांबू रोव आन् कपडे वाळवायला तार बांध की रं. ओली बादली घेऊन गच्चीवर चढवत न्हाय मला.”

“बांबू गावंनात आई. रविवारी बघतो,” मोबाईलमधून मान वर न करता श्रेणिक म्हणायचा.

मंगळवारी अक्काताई बादलीसकट गच्चीच्या जिन्यावरून पडल्या आणि जागीच गेल्या. तिरडीसाठी भावकीतल्यांनी वीस मिनिटांत बांबू आणले, तेही कोपऱ्यावरच्या वखारीतून. तिरडी बांधून दोन उरले.

स्मशानातून परतलेल्या तीस माणसांनी परड्यात आंघोळी केल्या. एवढे ओले कपडे टाकायचे कुठं, म्हणून श्रेणिकनं ते उरलेले बांबू रोवले, तार ताणली, स्वतः लोंबकळून बघितली. तार तसूभर वाकली नाही. पावण्यांनी माना डोलावल्या. काम फक्कड झालं होतं.



हात झटकत तो सवयीनं स्वयंपाकघराकडं बघून ओरडला, “आई, बांधली बघ तार! आता तरी गप बसशील न्हवं?”