मालकांचा तंबू

घोड्यांना मालकच मिळेनात. इंग्लंडातल्या श्रॉपशरमधली ही हौशी घोड्यांची शर्यत बंद पडायची वेळ आली, तेव्हा सेक्रेटरी ग्वेंडाबाईंनी डोकं लढवलं. एका घोड्यात हवे तितके भागीदार चालतील. प्रत्येकाला मालकाचा बिल्ला, खास तंबूत जागा आणि चहाबरोबर फुकट फ्रूटकेक.

शर्यतीच्या दिवशी तंबूत त्रेसष्ट मालक दाटीवाटीने केक हाणत होते. ग्वेंडाबाई हरखून गेल्या.

"बघा मेजरसाहेब. आणि तुम्ही म्हणत होतात, मालक कुठून आणणार?"

"चुकलंच माझं, बाई," बगलेत झेंडा धरून म्हातारे मेजर म्हणाले. "आता जरा बाहेर या. शर्यत सोडतोय."

मेजरांनी इशाऱ्याचा झेंडा खाली पाडला.



त्रेसष्ट जणांच्या मालकीचा एकमेव घोडा एकटाच, रमतगमत, विजयरेषेकडे निघाला.