चहातले दात

“मरत का नाही तुम्ही एकदाचे! सुटू तरी दोघंही!”

एवढं ओरडून झाल्यावर कवळीवाल्याचं लक्ष मोबाइलकडे गेलं. माइक चालू होता.

मोबाइल कामाच्या दिव्याला बांधलेला, त्याच्या हातांवर रोखलेला. पडद्यावर व्हिडिओ कॉलच्या तीन चौकटी. एकीत शिंपीणबाईंचे हात, दुसरीत पेपर तपासणाऱ्या सरांचे, तिसरीत केकवालीचे. घरी एकट्याने काम करून डोकं फिरायला लागलेल्या चौघांनी काढलेली ही सोय. रोज सकाळी आपापल्या कामाला बसायचं, कॅमेरा हातांवर, माइक बंद. सांगायचं असेल ते लिहायचं. कुणी कुणाचा चेहरा पाहिला नव्हता, आवाज ऐकला नव्हता, त्यामुळे सगळ्यांचं एकमेकांबद्दल फार चांगलं मत होतं. “कवळीवाल्यांचा स्वभाव किती शांत,” असं शिंपीणबाईंनी परवाच लिहिलं होतं.

मघाशी पडद्यावरची पांढरी भुकटी बाहीने पुसली, तेव्हाच तो माइक सुरू झाला असणार.

घडलं होतं ते असं, की त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, टेबलावरची कवळी उचलून चहात बुडवली. पक्की करण्याआधीची, गुलाबी मेणात दात बसवलेली. दुपारच्या आत ती दातांच्या दवाखान्यात पोचायची होती. कुणी आजीबाई ती तोंडात घालून बघायला येऊन बसणार होत्या. मेण वितळलं, दात कपाच्या तळाशी गेले. अण्णांची स्वतःची कवळी, मुलाने पुन्हापुन्हा घासून बसवलेली, ती मात्र त्यांनी कित्येक दिवस तोंडात घातली नव्हती. टोचते म्हणे. अख्ख्या गावाचे दात बसवणाऱ्याचा बाप घरात बोळक्या तोंडाने हिंडत होता.

“चहात काहीतरी आहे,” अण्णा म्हणाले. मुलाचं ओरडणं ते विसरलेही होते. सुखी माणूस.

पडद्यावरचे हात मात्र थांबले होते. कात्री कापडात अर्ध्यावर. लाल पेन उत्तरपत्रिकेवर अधांतरी. केकवर क्रीमचा गोळा फुगत फुगत ओघळला, पण तो सावरायला बोट पुढे आलं नाही.

कवळीवाल्याने माइक बंद केला. आता बंद करून काय उपयोग होता, पण केला. ‘सॉरी, टीव्ही चालू होता,’ असं लिहिलं आणि पुसलं. ‘वडिलांची तब्येत जरा’ इथपर्यंत लिहिलं, तेही पुसलं. उठून खिडकीशी गेला, परत आला, बसला, पुन्हा उठला. त्या तीन जोड हातांखेरीज दिवसभरात त्याच्याजवळ माणूस म्हणावं असं कुणी नव्हतं. थोरला भाऊ होता, तो परगावाहून फोनवर “अण्णांना जप हं” एवढं सांगायचा. एकदा केक सजवता सजवता केकवालीचे हात थरथरायला लागले होते आणि टेबलावर टपटप पाणी पडलं होतं. कुणी काही विचारलं नाही. पण तिचे हात पुन्हा चालायला लागेपर्यंत कुणी जागचं उठलंही नाही. याहून मोठी मैत्री कवळीवाल्याला माहीत नव्हती.

शिंपीणबाईंचे हात चौकटीतून बाहेर गेले. मागोमाग केकवालीचेही. नुसती टेबलं उरली.

“झालं,” तो पुटपुटला, आणि त्याने बोट लाल बटणावर नेलं. एकदा दाबलं की आपण बाहेर, कायमचे.

तेवढ्यात सरांच्या चौकटीतली माइकची खूण हिरवी झाली.

“त्या पेपरांशीच लग्न करायचं होतंत!” एका बाईंचा आवाज खोलीभर घुमला. “सकाळपासून सांगतेय, गॅस संपलाय!”

“अगं, जातो ना.”

“काय जाता! भिंतीशी बोलतेय मी!”

सरांनी माइक बंद केला नाही. पेन पुन्हा चालायला लागलं, कुणाला तरी अर्धा गुण मिळाला.

मग शिंपीणबाईंची खूण हिरवी झाली. कुठलंसं आतलं दार उघडल्याचं ऐकू आलं, मग खोकला, मग एक पुरुष कण्हत म्हणाला, “मेलो, मेलो! कुणाला काही पडलंय का माझं?”

“कालही मेला होतात,” शिंपीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चांगलाच घोगरा निघाला. “गोळी घ्या आणि पडा.”

केकवालीकडे भांडं आदळलं, दोन पोरं एकदम भोकाड पसरून रडली, आणि तिने दोघांनाही आत्ताच्या आत्ता बापाकडे पाठवून द्यायची धमकी दिली.

कवळीवाल्याला कुणी एक शब्द बोललं नाही. एकेक करून हात परत आले आणि कामाला लागले. माइक कुणीच बंद केले नाहीत. त्याने बोट लाल बटणावरून उचललं आणि आपलाही माइक पुन्हा चालू केला.

अण्णांनी मान वर केली.

“कोण आलंय रे?”

“कुणी नाही, अण्णा. माझे… मित्र आहेत.”

“एवढे पाहुणे आलेत, आणि मला असंच बसवून ठेवलंस? दात कुठायत माझे?”

कवळीवाल्याची नजर कपाकडे गेली.

“ते नव्हेत,” अण्णा म्हणाले. “ते कुणाचे आहेत कोण जाणे. शी!”

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून कवळी काढली, आणि ती अंगठ्याने दाबून जागच्या जागी बसवली. टोचली असणार, डोळे मिटले क्षणभर. मग खुर्ची पुढे ओढून ते मोबाइलसमोर वाकले आणि पडद्यावरच्या हातांकडे बघून, सगळे दात दाखवत, घरच्या मोठ्या माणसाने हसावं तसे हसले.

“याचं मनावर घेऊ नका हं,” ते म्हणाले. “दमतो तो. आणि आमच्याकडे कुणी येत नाही ना हल्ली.”